वाचकांचे प्रश्न : संस्थेच्या प्रमुखानं पैशाचं शिक्षण कुठं घ्यावं?

सार्वजनिक संस्था आणि ग्रामपंचायती यांच्या पैशाच्या कारभाराबद्दल प्रश्न पाठवा, असं आवाहन गेल्या अंकात केलं होतं. पत्रं बरीच आली, आणि बहुतेक सातारा-सांगलीकडचीच आहेत. फिरून फिरून बऱ्याच जणांनी एकच विचारलंय, हे शिकायचं कुठं? मी महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेत होते. जिल्हा परिषद, कोषागार, लेखापरीक्षा अशी सगळी खाती बघितली. निवृत्तीनंतर सांगलीत मुलींच्या एका वसतिगृहाची खजिनदार म्हणून काम करते. म्हणजे आधी दुसऱ्यांचे हिशेब तपासले, आता स्वतः पैसे उभे करते आणि पुरवते. उत्तरं या दोन्ही अनुभवांतून देते आहे. पत्रलेखकांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न : मी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यात पदव्युत्तर आहे. जत आणि कवठेमहांकाळ भागात काम करणाऱ्या एका संस्थेत बरीच वर्षं समन्वयक आहे. आमचे संस्थापक सर आता थकलेत. पुढच्या वर्षापासून मी संचालक व्हावं असं विश्वस्तांनी ठरवलंय. गावातलं काम मला येतं, माणसं सांभाळता येतात. पण बैठकीत ताळेबंद समोर आला की मला काही कळत नाही आणि विचारायची लाज वाटते. घरचे म्हणतात, शनिवार-रविवारचं फायनान्सचं एमबीए करून टाक. करू का? — एक वाचक, मिरज

ताई, शिकायचं मनावर घेतलंत हे उत्तम. फी भरण्याआधी मात्र त्या एमबीएचा अभ्यासक्रम मागवा आणि प्रत्येक विषयापुढं लिहा, "हे मला कुठं लागेल?" शेअर बाजार, कंपनीचं मूल्यांकन, भांडवल उभारणी यांत निम्मा वेळ जाईल. अंदाजपत्रक, खर्चाचं विश्लेषण, खेळतं भांडवल हे विषय तुमच्या कामाचे आहेत, पण तेही कारखान्याची उदाहरणं घेऊन शिकवतात. कारखान्यानं माल विकला की आलेला पैसा कारखान्याचा. तो यंत्रावर खर्च करायचा की पगारावर, हे मालक ठरवतो. तुमच्या संस्थेत येणारा बहुतेक पैसा देणाऱ्याची अट घेऊनच येतो, आणि तुम्हाला आधी ती अट वाचायला शिकायचंय.

एक उदाहरण करून बघू. समजा, ३१ मार्चला तुमच्या संस्थेच्या बँक खात्यात १८ लाख रुपये आहेत. विश्वस्त खूश होतात, कोणी म्हणतं जीप घेऊया. आता हे १८ लाख सुटे करा. ९ लाख एका कंपनीनं दोन शाळांच्या स्वच्छतागृहांसाठी दिलेत, काम जूनमध्ये सुरू व्हायचंय. ४ लाख मुलींच्या शिष्यवृत्तीचे आहेत. दीड लाख एका देणगीदारानं कायम निधीत ठेवायला, नुसतं व्याज वापरायच्या अटीवर दिलेत. उरले साडेतीन लाख. तुमचे पगार, भाडं आणि वीज मिळून महिन्याला १ लाख ४० हजार जातात. म्हणजे १८ लाख बँकेत असलेल्या तुमच्या संस्थेकडं अडीच महिने चालेल एवढाच मोकळा पैसा आहे. जूनच्या मध्यात नवा पैसा आला नाही तर कार्यकर्त्यांचे पगार थांबतील, किंवा कोणीतरी "तात्पुरते" शिष्यवृत्तीचे पैसे उचलेल. लेखापरीक्षेत मी बघितलेल्या घोटाळ्यांतले कितीतरी या "तात्पुरते" शब्दापासून सुरू झालेले होते. चोरी करायची म्हणून कोणी बसलेलं नव्हतं. मोकळा पैसा किती आणि बांधलेला किती, हे प्रमुखाला माहीतच नव्हतं.

सांगलीकरांना २०१९ चा ऑगस्ट आठवत असेल. कृष्णेचं पाणी गावात शिरलं आणि मागोमाग मदतीचा ओघ सुरू झाला. सतरंज्या, भांडी, धान्याचे किट, आणि किटसाठी पैसे. त्या महिन्यात आमच्या भागातल्या संस्थांची खाती कधी नव्हे इतकी भरलेली होती आणि रात्रंदिवस किट वाटणाऱ्या पोरांचे पगार मात्र थकले होते. किटच्या पैशातून पगार देता येत नव्हते. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण प्रस्ताव लिहिताना "वाटप करणाऱ्या माणसांचा आणि गाडीचा खर्च" ही ओळ घालायची असते, हे फार थोड्या संचालकांना ठाऊक होतं. ती ओळ लिहिता येणं यालाच मी आर्थिक व्यवस्थापन म्हणते.

आमच्या वसतिगृहात यासाठी एक आडवी वही आहे. एका पानावर एप्रिल ते मार्च असे बारा रकाने. वरच्या भागात येणारा पैसा, प्रत्येक देणगीदाराची ओळ वेगळी. खाली जाणारा पैसा. अंदाज पेन्सिलीनं लिहायचा, प्रत्यक्ष आकडा निळ्या शाईनं त्याच चौकोनात खाली. सगळ्यांत शेवटी महिनाअखेरची शिल्लक, पण दोन ओळींत, एक बांधलेली आणि एक मोकळी. जून बघितला की लगेच दिसतं, वर्षाचं धान्य भरायचं, वह्या-गणवेश घ्यायचे, आणि शासनाचं अनुदान मात्र मार्चच्या शेवटी पडणार. पेन्सिल आणि शाईत फरक पडला की आमची अधीक्षिका त्या चौकोनाशेजारी कारण लिहिते. "गॅस सिलिंडर दोन जास्त, मुली वाढल्या." तिचं शिक्षण बारावी आहे. मोठ्या विद्यापीठांत ज्याला अंदाजापासूनच्या फरकाचं विश्लेषण म्हणतात आणि ज्यावर पेपर असतो, ते हेच.

आपल्याकडं एक गोष्ट व्याख्यानांत नेहमी सांगतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली. वसतिगृहातल्या मुलांना जेवू घालायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही. मलाही ते ऐकताना दरवेळी भरून येतं. पण खजिनदार म्हणून मी त्या गोष्टीकडं आणखी एका नजरेनं बघते. ज्या संस्थेकडं दोन-तीन महिन्यांची मोकळी गंगाजळी नाही, तिथं अडचणीच्या महिन्याचा भार कुठल्या तरी बाईच्या अंगावर पडतोच. आजही पडतो, फक्त तो व्याख्यानात येत नाही. कर्मवीरांनी पुढं मुष्टिफंड उभा केला, घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा केलं. तो माणसांचा नियमित आणि कुठलीही अट नसलेला आधार होता. तुमच्याही संस्थेला तसा एक झरा लागेल.

इथं एक गैरसमज काढून टाकते. "आयकर सवलत असलेल्या संस्थेला शिल्लक ठेवता येत नाही" असं बरेच विश्वस्त सांगतात. नियम असा की वर्षाच्या उत्पन्नातले किमान ८५ टक्के त्या वर्षात उद्दिष्टांवर खर्च व्हावेत. उरलेले १५ टक्के विनाअट साठवता येतात. त्याहून जास्त ठेवायचं असेल तर ठरावीक कामासाठी, ठरावीक अर्ज मुदतीत भरून, पाच वर्षांपर्यंत ठेवता येतं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, त्यामुळं कलमांचे आकडे बदललेत. ८५ टक्क्यांचं सूत्र तेच आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न, कुठं शिकायचं. घर आणि नोकरी सोडून दोन वर्षं देता येत असतील तर गुजरातेत आणंदला जा. व्हर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये तिथं ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था उभी केली. २०२५ च्या कायद्यानं ती त्रिभुवन सहकारी विद्यापीठ झाली. दूध संघ, शेतकरी कंपन्या, संस्था यांच्यासाठी व्यवस्थापक घडवणं हा तिचा हेतूच आहे. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था तुम्हाला एमएसडब्ल्यूमुळं माहीत असेलच. पुण्याची वैकुंठ मेहता संस्था सहकाराकडं झुकलेली आहे, पतसंस्था किंवा संघ चालवणाऱ्यानं तिथलं प्रशिक्षण जरूर घ्यावं. घरी राहून करायचं तर इग्नूची, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची, ग्रामविकासाची पदव्युत्तर पदविका किंवा लोकप्रशासनाचं एमए आहे, पण वित्त हा तिथं एक भाग आहे, गाभा नाही.

मला विचाराल तर तुमच्या वयाला आणि कामाला दोन वर्षांच्या पदवीपेक्षा छोटा पण नेमका अभ्यासक्रम जास्त उपयोगी पडेल. निवडताना शिकवणाऱ्यांना थेट विचारा, अटीच्या आणि बिनअटीच्या निधीचे हिशेब वेगळे शिकवता का? एका मुलीमागं वर्षाला खरा खर्च किती येतो, कार्यालयाच्या भाड्याचा वाटा धरून, हे काढायला शिकवता का? आणि प्रकल्प म्हणून मला माझ्याच संस्थेचं अंदाजपत्रक करू द्याल का? तिसऱ्याला "नाही" आलं तर पैसे वाचवा. आणि उद्यापासून एक करा. तुमच्या लेखनिकाशेजारी रोज अर्धा तास बसा. टॅली या हिशेबाच्या संगणक प्रणालीत एक व्हाउचर कुठून निघतं आणि ताळेबंदाच्या कुठल्या ओळीत जाऊन बसतं, ते बोट ठेवून बघा. विचारायची लाज वाटते म्हणालात. ती सोडा, ताई. तुम्ही सही करणार आहात.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक, आमच्या शाळेच्या ट्रस्टवर विश्वस्त आहे. आमचे सीए अतिशय प्रामाणिक आणि हुशार आहेत. सगळं तेच बघतात. मग विश्वस्तांनी या वयात हिशेब शिकायची गरज काय? — एक वाचक, वाई

सर, सीए तुमच्याकडं येतात तोवर वर्ष संपलेलं असतं. ३१ मार्चला वर्ष बंद झालं की सहा महिन्यांत लेखापरीक्षा व्हायची असते. पैसा ज्यावर गेला तो योग्य ठिकाणी नोंदला का, पावत्या आहेत का, कायदा पाळला का, हे ते बघतात. पुढच्या वर्षी प्रयोगशाळा करायची की शिक्षक वाढवायचा, हे ठरवणं त्यांचं काम नाही आणि त्यांच्यावर टाकूही नये.

१९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानं जबाबदारी विश्वस्तांवर टाकली आहे. अंदाजपत्रक तुम्ही करायचं. पैसा कुठं गुंतवायचा यावर बंधनं आहेत, जागा विकायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. कुठं चुकलं तर नोटीस विश्वस्तांच्या नावे येते. पदवी घ्या असं मी तुम्हाला म्हणणार नाही. फक्त अनुसूची आठ म्हणजे ताळेबंद आणि अनुसूची नऊ म्हणजे उत्पन्न-खर्चाचा तक्ता, हे दोन कागद गेल्या तीन वर्षांचे शेजारी शेजारी मांडा. कुठली ओळ दरवर्षी फुगतेय, कुठल्या येण्याच्या रकमा तीन वर्षं तशाच पडून आहेत, ते लाल पेन्सिलीनं खुणावून पुढच्या बैठकीत न्या. आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला हे जमणार नाही असं मला वाटत नाही.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातल्या एका गावची सरपंच आहे. मुक्त विद्यापीठातून बीए केलं. काहीही काम सुचवलं की "हा निधी बंधित आहे, चालणार नाही" असं उत्तर मिळतं. खरं किती, खोटं किती कळत नाही. मला कोणी फसवू नये म्हणून कुठला कोर्स करू? — एक वाचक, विटा परिसर

सरपंचताई, तुमचं पत्र वाचून मला फार बरं वाटलं. तुम्ही निधीबद्दल प्रश्न विचारताय, म्हणजे अर्धं काम झालं.

बंधित म्हणतात ते थापा नाहीत, पण ते सगळ्या पैशाला लागू नाही. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतीला आलेल्या पैशातला ६० टक्के भाग बंधित होता. त्यातला अर्धा पिण्याच्या पाण्यासाठी, अर्धा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित, गावाच्या गरजेप्रमाणं, पगार आणि आस्थापनेचा खर्च सोडून. त्यामुळं "चालणार नाही" ऐकलं की पुढचा प्रश्न विचारायचा, "कुठल्या निधीतून चालणार नाही?" गावाच्या स्वतःच्या उत्पन्नाची वाटणी वेगळी असते. १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी. या तीन वाटण्या वर्षाअखेरी खरंच खर्च झाल्या का, हे तपासायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त दुर्लक्ष इथंच होतं.

कोर्सच्या आधी एक संध्याकाळ काढा आणि ग्रामसेवकांकडून, आता त्यांचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालंय, दोन नोंदवह्या मागवा. नमुना ८ आणि नमुना ९. नमुना ८ मध्ये गावातल्या प्रत्येक घराची आकारणी असते, दर चार वर्षांनी ती नव्यानं करायची. नमुना ९ मध्ये कोणाकडून किती घेणं आहे, मागची थकबाकी आणि चालू मागणी. आता गावात चालत जा असं नाही, डोळ्यांपुढं गल्ली आणा. तुमच्या गल्लीतलं तीनमजली सिमेंटचं घर नमुना ८ मध्ये अजून कौलारू म्हणून आहे का? नवं दुकान, नवी पोल्ट्री चढली आहे का? मग नमुना ९ ची बेरीज करा. समजा थकबाकी २ लाख २० हजार, चालू मागणी ३ लाख ८० हजार, मिळून ६ लाख. वसुली झाली ३ लाख. गावाचा हक्काचा निम्मा पैसा घराघरांत अडकलेला आहे, आणि आपण मुंबई-दिल्लीच्या निधीची वाट बघत बसलोय. थकबाकीदारांची पहिली दहा नावं वाचलीत की गावचं राजकारणही कळेल. तिथं हिंमत लागते, ती कुठल्या विद्यापीठात मिळत नाही.

आणखी एक कळकळीनं सांगते. तुमच्या डिजिटल स्वाक्षरीचा डोंगल कुठं आहे? बऱ्याच गावांत तो संगणक ऑपरेटरच्या टेबलाच्या खणात असतो, पासवर्ड चिठ्ठीवर चिकटवलेला. ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवरून पैसे सोडताना तुमची मंजुरी लागते, आणि ती त्या डोंगलनं होते. तो स्वतःच्या पर्समध्ये ठेवा. देयक, मोजमाप पुस्तिका आणि ठराव बघितल्याशिवाय लावू नका. "ताई, सगळ्या सरपंच असंच करतात" असं कोणी म्हणालं तरी नाही.

प्रशिक्षणाचं म्हणाल तर पुण्याची यशदा ही त्यासाठीचीच संस्था आहे. पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांना लेखी पत्र द्या की मला अर्थसंकल्प आणि लेख्यांचं प्रशिक्षण हवंय. लेखी दिलं की विचार करावा लागतो. पुढं लोकप्रशासनात एमए करायचं असेल तर जरूर करा, बीए झालंय, वाट मोकळी आहे. तुमच्यापासून म्हसवड काही लांब नाही. तिथल्या बायकांनी बँक काढायचं ठरवलं तेव्हा अर्जदार निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेनं आधी परवाना नाकारला होता. त्या शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हा आणि त्या बायकांचं काम एकदा जाऊन बघाच.

प्रश्न : आमची संस्था कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, निधीवर चालते. एका कंपनीचे अधिकारी म्हणाले, कायद्यानं प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांवर देता येत नाही, तुमच्या लेखापालाचा पगार काढून टाका. हे बरोबर आहे का? — एक वाचक, पलूस

नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की त्यामुळं कितीतरी संस्था लेखापालाशिवाय चालतात आणि मग हिशेब नीट नाहीत म्हणून त्यांनाच नावं ठेवली जातात.

२०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. त्यातली ५ टक्क्यांची मर्यादा ही कंपनीनं स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभारावर करायच्या खर्चाला आहे. प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेचा व्यवस्थापनाचा खर्च त्यात धरत नाहीत. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयानं २०२१ च्या खुलाशात हे स्पष्ट केलंय. तो खुलासा छापून प्रस्तावाला जोडा. कंपनीचं स्वतःचं धोरण म्हणून त्यांनी कमी द्यायचं ठरवलं तर तो त्यांचा निर्णय, पण कायद्याचं नाव त्याला नको. परदेशी देणगीचा नियम निराळा आहे. तिथं २०२० च्या दुरुस्तीनं प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. या दोन गोष्टींची सरमिसळ होते.

लेखापालाचा पगार "प्रशासन" म्हणून एकगठ्ठा दाखवू नका. तो तीन प्रकल्पांचं काम करत असेल तर महिनाभर त्याच्या वेळेची नोंद ठेवा आणि त्या प्रमाणात प्रत्येक प्रकल्पात वाटून लिहा. मागणी अशी मांडली की ती पटते.

प्रश्न : मी कॉमर्स पदवीधर, वय २३. अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांत लोकप्रशासनाच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय, सार्वजनिक वित्त विषय घेणार आहे. दोन्हीची पत्रकं सोबत जोडली आहेत. वडील दोन एकर ऊस गहाण टाकून कर्ज काढायला तयार आहेत. परत येऊन इथंच काम करायची इच्छा आहे. जाऊ का? — एक वाचक, कऱ्हाड

वयानं मुलासारखा आहेस म्हणून अरे-तुरे करते. शिक्षण चांगलं आहे, यात शंका नाही. सिरॅक्यूज विद्यापीठाच्या मॅक्सवेल स्कूलमध्ये १९२४ पासून ही पदवी दिली जाते, म्हणजे शंभर वर्षांची परंपरा आहे. तिथं शहरांचे आणि संस्थांचे खरे ताळेबंद हातात देतात. न्यूयॉर्क शहर १९७५ मध्ये दिवाळखोरीच्या दारात का गेलं, तर रोजचा खर्च भागवायला कर्ज काढत राहिलं. डेट्रॉइटनं २०१३ मध्ये सुमारे १८ अब्ज डॉलरच्या देण्यांपायी दिवाळखोरीचा अर्ज केला, त्यात निवृत्तांच्या पेन्शनीचा मोठा वाटा होता. तिथल्या बहुतेक सेवाभावी संस्थांना दरवर्षी ९९० नावाचं विवरणपत्र भरावं लागतं आणि ते कोणालाही बघता येतं, त्यामुळं विद्यार्थ्यांना अभ्यासाला खऱ्या संस्था मिळतात. इकडंही या ज्ञानाची गरज वाढते आहे. पुणे महापालिकेनं २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी कर्जरोखे काढून २०० कोटी उभे केले. उद्या आपल्या छोट्या शहरांनाही ते करावं लागेल, आणि रोखे म्हणजे काय हे समजणारी माणसं तिथं हवी आहेत.

तरी ऊस गहाण टाकू नकोस. इथल्या नगरपालिकेत किंवा संस्थेत मिळणाऱ्या पगारातून डॉलरमधल्या फीसाठी काढलेलं कर्ज फिटत नाही, मग माणूस नाइलाजानं तिकडंच राहतो किंवा इकडं येऊन मोठ्या कंपनीत जातो. तुझी इच्छा खरी आहे असं पत्रावरून वाटतं, म्हणून ती कर्जाखाली जाऊ नये. शिष्यवृत्तीची सगळी दारं आधी ठोठाव. अनुसूचित जातीतला असशील तर राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. प्रवेश एक वर्ष पुढं ढकलता येतो का, हेही त्या विद्यापीठांना विचार.

शिवाय दुसरी वाट आहे, जिनं मी गेले. राज्यसेवा परीक्षेतून वित्त व लेखा सेवेत सहायक संचालक म्हणून निवड होते. कोषागार, जिल्हा परिषदेचा वित्त विभाग, महापालिकेचं लेखापरीक्षण अशा ठिकाणी लहान वयात मोठ्या रकमांची जबाबदारी येते. तिथं चार वर्षं काढून मग परदेशी शिकायला गेलास तर वर्गात बसलेल्या इतरांपेक्षा तुझ्याजवळ जास्त प्रश्न असतील.

पत्रकांबद्दल. पहिल्या विद्यापीठात वित्ताचा एकच विषय सक्तीचा आहे, बाकी सगळे नेतृत्व आणि धोरणाचे. दुसऱ्यात अंदाजपत्रक, भांडवली खर्चाचं नियोजन, कर्ज आणि संस्थांचे लेखे असे चार आहेत, आणि शेवटच्या सत्रात एखाद्या नगरपालिकेबरोबर प्रत्यक्ष काम. जायचंच ठरलं तर दुसरं. त्याआधी कऱ्हाड नगरपरिषदेचा चालू वर्षाचा अर्थसंकल्प मिळव, तो सार्वजनिक कागद आहे. महसुली (रोजचा जमाखर्च) आणि भांडवली (टिकाऊ बांधकामं, यंत्रं) बाजू वेगळ्या कर, मागच्या वर्षीचा सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष यांत कुठं अंतर पडलंय ते काढ. पाणीपट्टीतून पाणीपुरवठ्याचा खर्च किती निघतो तेही बघ. जिथं अडशील ते मला लिहून पाठव, पुढच्या अंकात त्याला जागा ठेवते.